सदोष असेल तरच दाखवा

नव्या वस्तूची खरेदी हा मूलतः सोपा व्यवहार आहे. खोट दिसली की वस्तू परत करायची आणि दिसली नाही की घरी आणायची, एवढेच त्यात ठरवायचे असते. घरासाठी जुना गालिचा आणि मद्यपानाची जुनी भांडी निवडताना मात्र हा नियम उलटा लागू होतो, आणि जन्मभर खोट दाखवून भाव पाडत आलेल्या माझ्यासारख्या माणसाची तेथे फार कुचंबणा होते. गालिच्याच्या निळ्या पार्श्वभूमीत मध्येच उमटलेल्या फिकट पट्ट्याकडे मी बोट दाखवले, तेव्हा विक्रेता खजील होण्याऐवजी फुलला. त्या पट्ट्याला ‘अब्राश’ म्हणतात, विणकराची एका खेपेत रंगवलेली लोकर संपून दुसऱ्या खेपेतली सुरू झाली की तो उमटतो, आणि हाताने रंगवल्याची ती खूण आहे, असे त्याने मला ऐकवले. यातले सगळे खरे होते. हल्ली नव्या गालिच्यांतही असे पट्टे मुद्दाम विणतात, हेही तितकेच खरे होते; ते मात्र त्याने ऐकवले नाही.

मुळात जुने कशाला म्हणायचे, इथूनच घोळ सुरू होतो. व्यापारात शंभरी गाठलेल्या वस्तूला ‘अँटीक’ आणि तेवढे वय न झालेल्या, पण उमेदवारी संपलेल्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने मात्र १८३० पूर्वी तयार झालेल्या वस्तूंनाच पुरातन मानले होते, आणि शंभर वर्षांची सरकती अट तेथे १९६६ साली आली. म्हणजे १८३१ साली फुंकलेली एखादी सुरई मधली छत्तीस वर्षे, कितीही म्हातारी झाली तरी, जकात अधिकाऱ्याच्या लेखी नुसतीच वापरलेली काच राहिली असणार. मला त्या सुरईबद्दल आपुलकी वाटते.

गालिचा पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत म्हणजे तो न पाहणे. तो उलटा करावा आणि गुडघे टेकून त्याची पाठ वाचावी, असे जाणकार सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण दर्शनी बाजूवर विक्रेत्याने जे काही केलेले असते ते बहुधा पाठीवर करायचे राहून जाते. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्वच्छ दिसते. त्याची झालर म्हणजे ताण्याच्या, अर्थात विणीतल्या उभ्या दोऱ्यांचीच टोके असतात. ती वेगळी शिवलेली आढळली, तर गालिचा एक तर यंत्राचा असतो किंवा दुरुस्त केलेला. मग गाठी मोजायच्या. एक गाठ पाठीवर बऱ्याचदा दोन उंचवट्यांनी दिसते, त्यामुळे नवशिक्याची मोजणी नेमकी दुप्पट भरते आणि विक्रेता ती दुरुस्त करण्याची घाई करत नाही. गाठींचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांतल्या असममित गाठीला इराणातल्या सेन्ने गावाचे नाव मिळाले आहे, आणि खुद्द सेन्ने येथील गालिचे दुसऱ्याच प्रकारच्या, सममित गाठीने विणले जातात. हे कळल्यावर मी नावांवर विसंबणे सोडून दिले.

गाठी जितक्या दाट तितका गालिचा श्रेष्ठ, हे गणितही मला फारसे पटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या, १५३९-४० सालच्या इराणी अर्दबील गालिच्यात अडीच कोटींहून अधिक गाठी आहेत, हे खरे. पण भटक्या जमातींनी जाड लोकरीच्या विरळ गाठींनी विणलेले कित्येक गालिचे नजर हटू देत नाहीत. शिवाय अर्दबीलही काही धडधाकट अवस्थेत इंग्लंडला पोचला नव्हता. त्याचा एक जोडीदार होता, त्याचे भाग कापून याला ठिगळे लावण्यात आली, आणि उरलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. जगातल्या सर्वांत नामांकित गालिच्यालाही ठिगळे आहेत, हे वाक्य मी पाठ करून ठेवले होते. दुर्दैवाने ते विक्रेत्यालाही पाठ होते.

निवड करणाऱ्याने आपल्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा, याबाबत पाझिरिकचा गालिचा फार बोलका आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या एका थडग्यात तो ठेवला गेला. पुढे चोरांनी थडगे फोडले आणि हाती लागेल ते नेले, पण गालिचा तेथेच टाकला. त्यांनीच पाडलेल्या भगदाडातून पाणी आत शिरले, गोठले आणि लोकर शाबूत राहिली. १९४९ साली पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांच्या उत्खननात तो बाहेर निघाला. गाठी मारून विणलेला तो आजवर सापडलेल्यांतला सर्वांत जुना अखंड गालिचा मानला जातो, आणि ज्यांना तो फुकट मिळत होता त्यांनी तो नाकारला होता.

रंगांची परीक्षा त्याहून अवघड असते. ओला पांढरा रुमाल गालिच्यावर घासावा आणि रुमालाला रंग लागला तर मुकाट्याने बाहेर पडावे, हा त्यातला सोपा भाग. विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ साली मलेरियावरचे क्विनीन बनवता बनवता चुकून जांभळा रंग बनवला, आणि तेव्हापासून मंजिष्ठा व नीळ या वनस्पतींच्या रंगांशेजारी रसायने येऊन बसली. सुरुवातीचे काही कृत्रिम रंग उजेडात लवकर विटत, म्हणून लोकरीची लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहायचे असते. टोक राखाडी आणि मूळ भडक दिसले की रंग कारखान्यातला असल्याचा संशय घ्यावा. मी असा संशय मोठ्या थाटात बोलून दाखवला, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे सांगितले की त्या रसायनालाही आता शंभर वर्षे झालेली आहेत. याला उत्तर नव्हते. याशिवाय झिजलेल्या जागा शाईने रंगवणे, नवा गालिचा चहात बुडवून म्हातारा करणे, हे उद्योग चालतातच. घडी घालताना करकर आवाज आला तर ताणा कुजलेला समजावा. तेवढी एकच खोट कोणी गौरवाने सांगत नाही, आणि कसरीच्या अळ्या दुसरी.

या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेला एक गालिचा अखेर आमच्या दिवाणखान्यात पसरला, तेव्हा खरा वाद सुरू झाला. गालिच्याची लव मांजराच्या पाठीसारखी एकाच दिशेला झुकलेली असते, त्यामुळे एका टोकाकडून तो उजळ दिसतो आणि दुसऱ्या टोकाकडून गडद. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीला तो विटकरी दिसत होता आणि दारापाशी उभ्या असलेल्या मला डाळिंबी. “अहो, इकडे येऊन बघा,” असे ती म्हणाली म्हणून मी तिकडे गेलो, आणि माझे पाहण्यासाठी ती इकडे आली. आम्ही दोघांनीही मते बदलली, त्यामुळे वाद होता तसाच राहिला.

मद्यपात्रांचा भाग तुलनेने लवकर उरकला, कारण काच उलटी करायला गुडघे टेकावे लागत नाहीत. पेल्याच्या कडेवरून नख फिरवले की टवका कळतो. टवका घासून कड सपाट केली असेल तर सहा पेल्यांतला एक किंचित बुटका निघतो. जुन्या सुरईच्या गळ्यावर आणि बुचावर पुष्कळदा एकच बारीक आकडा कोरलेला असतो, आणि विक्रीला येणाऱ्या सुरयांवर ते आकडे जुळले तर नवल करावे. शिसे मिसळलेली काच टिचकी मारल्यावर सुरेख वाजते; मात्र तेच शिसे आत भरून ठेवलेल्या मद्यात हळूहळू उतरते, म्हणून सुरईत मद्य साठवू नये, पाहुणे आले की ओतावे आणि संपवावे. दाबाखाली सोडा भरलेल्या जुन्या सायफन बाटलीवरची तारेची जाळी विक्रेता नक्षी म्हणून दाखवतो. वास्तविक दाबाने काच फुटली तर तुकडे उडू नयेत, यासाठी ती असते.

शेकरांनी, म्हणजे बर्फासह मद्य हलवून मिसळायच्या भांड्यांनी, तर मला जेरीस आणले. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली आणि त्या दशकात पेंग्विन, घंटा, डंबेल अशा आकारांचे शेकर घरोघरी हौसेने आले. त्यांच्या नकलाही आज कमी नाहीत. विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतल्यापासून चांदीसारखे दिसणे आणि चांदीचे असणे यांचा संबंध सुटला आहे, आणि तळावरचे ‘ई.पी.एन.एस.’ (निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा) हे ठसे दुरून खानदानी वाटतील असे ढालींत कोरण्याची प्रथाही जुनीच आहे. आम्ही निवडलेला तीन भागांचा शेकर मुलाम्याचाच आहे, पण प्रामाणिकपणे. बर्फ घातला की धातू आकसून त्याचे झाकण घट्ट बसते आणि बर्फ वितळेपर्यंत उघडत नाही.

मेहुणा प्रथमच ही मांडणी पाहायला आला, तेव्हा त्याला पत्नीने गालिच्यावर लाल वाइन न्यायला बंदी केली, सायफनपासून चार पावले लांब बसवले आणि सुरई नियमानुसार रिकामी असल्याचे सांगितले. शेकर माझ्या हातात होता आणि उघडत नव्हता. बराच वेळ वाट पाहून त्याने स्वतःच्या पिशवीतून प्लॅस्टिकचे पेले काढले. पत्नीने त्यातला एक उचलला, उलटा करून तळ पाहिला, कडेवरून नख फिरवले आणि तो उजेडात धरला.

“ताई, कालच आणलेत ते,” मेहुणा म्हणाला.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली, “एकसुद्धा टवका नाही.”