कोंबडीमागे धावणारा माणूस

अंगणात कोंबडीमागे धावणाऱ्या माणसाइतकं केविलवाणं दृश्य दुसरं नसेल. दोन पायांचे दोन जीव धावत असतात, त्यातला एकच विचार करून धावतो, आणि तो माणूस नसतो. कोंबडी तुळशीला वळसा घालते, वाळत घातलेल्या धुण्याखालून सटकते आणि स्कूटरखाली जाऊन बसते. माणूस ओणवा होतो, ती पलीकडून निघते. शेजारचे कठड्यावर रेलून "डावीकडून घ्या, डावीकडून!" असं मार्गदर्शन करतात. शेवटी हाती लागतात शेपटीची चार पिसं. तीही आपण उपटलेली नसतात, तिनेच सोडलेली असतात. फार घाबरलं की पिसं सैल सोडायची सोय पक्ष्यांना आहे. मांजराच्या तोंडात पिसं ठेवून जीव घेऊन पळायचं. आज तुम्ही ते मांजर.

"मागून गुपचूप जाऊ" हा बेत तर सोडूनच द्या. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ 300 अंशांतलं दिसतं. शिवाय पिढ्यानपिढ्या तिने एक धडा गिरवलाय: वरून येतं ते वाईट. घार वरून येते, शिकरा वरून येतो. वरच्या शत्रूसाठी तिची ओरड वेगळी आणि मुंगूस-मांजरासाठी वेगळी. आता तुम्ही साडेपाच फुटी देह वाकवून, दोन्ही पंजे पसरून, लाडाने "ये गं बाई" म्हणत वरून उतरता. तिने तुम्हाला घारीच्या खात्यात टाकलं तर चूक कुणाची?

म्हणून तिला माणसाळवायचं तर बसायचं. पाट घ्या, उलटी बादली घ्या, पण बसा. वेळ सकाळची, खुराडं उघडल्याबरोबर, खाणं घालायच्या आधी. संध्याकाळी तिची गळ्याची पिशवी टम्म भरलेली असते, तेव्हा तुमच्या बाजरीला कुणी विचारत नाही. मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. लाचेचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नये, नाहीतर ती माणसाळण्याआधी लठ्ठ होते. लाच म्हणून तांदळाची कणी चालते, बाजरी चालते, पण अट्टल भित्रीला वाळवीच हवी. मडक्यात ओलं शेण आणि पाचट कोंबून ते वाळवी असेल तिथे रात्रभर पालथं घालायचं. सकाळी ते मडकं उलथलं की खानदानी वैरही मिटतात.

हाक एकच ठेवायची. "बा बा बा" म्हणा नाहीतर "ती ती ती", पण रोज तीच, आणि घरातल्या सगळ्यांनी तीच.

पहिले तीन-चार दिवस दाणे दोन हात लांब टाकायचे आणि दुसरीकडे बघत बसायचं. टक लावून बघितलंत की तिला वाटतं, झडप येणार. मग रोज वीतभर जवळ. मग तळहात जमिनीवर, त्यात दाणे, आणि हात दगडासारखा. रोज दहा-पंधरा मिनिटं दिलीत तर गिरिराज, वनराज यांसारख्या जाती दोनेक आठवड्यांत हातावर येतात. गावरानला महिना धरा. रात्री झाडावर झोपून कोल्ह्याला चकवणारी ती जात, तिच्याकडून मांडीवर बसायची अपेक्षाच नको. हातातून खाल्लं तरी सत्कार झाला असं समजावं. कळपातली एखादी धीट असते, आधी तिला वश करा, बाकीच्या तिचं बघून येतात. आणि मध्येच एकदा जरी धरायला धावलात, तर पाट परत दोन हात लांब.

अंगठी मात्र काढून बसा. चकाकणारं किंवा ठिपक्यासारखं काहीही तिला दाणाच वाटतं. बोटावरचा तीळही ती उचलून बघते. निघत नाही म्हटल्यावर पुन्हा, जोर लावून.

हात लावायचा तो छातीला, खालून. पाठीवर ठेवलात तर अंड्यावर आलेली कोंबडी पंख किंचित उघडून एकदम खाली बसते. हा नमस्कार नव्हे. तिने तुम्हाला कोंबडा समजलंय. फार हुरळून न जाता त्याच क्षणी उचलून घ्यावं, संधी चांगली असते.

उचलताना एक तळवा छातीखाली, पाय बोटांच्या बेचक्यांत, दुसरा हात पंखांवर. पंख सुटला तर तो थेट तुमच्या तोंडावर बसतो. मग तिचं तोंड तुमच्या कोपराकडे करून तिला काखेत धरायचं, शेपूट बाहेरच्या अंगाला. ही दिशा चुकली तर शर्ट धुवावा लागतो, एवढंच सांगतो. छाती आवळू नका. आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, तिला नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. बाजारात पाय धरून उलटं लटकवतात तेही म्हणूनच वाईट, आतडी-काळीज सगळा भार हवेच्या पिशव्यांवर येतो. चोच उघडून धापा टाकायला लागली की खाली सोडा. उन्हाळ्यात दुपारी तर हात लावूच नये, तिला घामच येत नाही. सोडताना फेकायचं नाही. पाय जमिनीला टेकले की मगच हात सैल करायचा, आणि वर चार दाणे.

एवढ्यात राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस द्यायची असली, पंखाखालच्या उवा बघायच्या असल्या, तर शौर्य नको, रात्र होऊ द्या. अंधारात तिला जवळजवळ दिसत नाही. दांडीवरून अलगद उचलावी, आंबा उतरवल्यासारखी. मोबाइलचा उजेड तोंडावर मारलात तर अख्खं खुराडं तुमच्या अंगावर. दिवसाच धरायची वेळ आली तर कोपऱ्यात दाणे टाकून वरून डालगं घालावं.

हे सगळं नीट जमलं की दुसरा ताप सुरू होतो. कोंबडी भीत नाही. भीत नाही म्हणजे उंबरा ओलांडते, ओट्यावर चढते, कणकेच्या परातीत उभी राहते आणि खाणं उशिरा का म्हणून तुमच्याकडे एका डोळ्याने बघते. आता तिच्यामागे धावलात तर महिन्याची मेहनत पाण्यात. तेव्हा मूठभर कणी घ्या, परातीकडे बघू नका, बाहेर पायरीवर जाऊन बसा आणि म्हणा, बा बा बा.