दम असेल तर बोला

परवाच्या रविवारी मी डोंगरात धावत होतो आणि माझ्या शेजारून अण्णा चालत होते. दोघांचा वेग एकच होता. बायकोला हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. मला अजूनही यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

सोलापुरात राहून डोंगरात धावायचं तर आधी डोंगर गाठावा लागतो. शहरातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि हल्ली पहाटे त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. म्हणून आमचा ग्रुप 4 वाजता गाड्या भरून तुळजापूरकडे, बालाघाटच्या डोंगरात जातो. 45 किलोमीटर बसून जायचं, 16 किलोमीटर पळायचं आणि पुन्हा 45 किलोमीटर बसून यायचं. यात व्यायाम नक्की कुणाचा होतो, हे गाडीच्या इंजिनाला विचारावं.

ग्रुपमध्ये स्वीपर नावाचं एक पद असतं. स्वीपरनं सगळ्यांच्या शेवटी राहायचं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला चक्कर आली, कुणी वाट चुकलं तर त्याच्यासोबत थांबायचं. कल्पना उत्तम आहे. डोंगरात एकट्यानं धावू नये ते याचसाठी. मोबाइलला रेंज नसते आणि पडलात तर बातमी सगळ्यात आधी शेळ्यांना कळते. अडचण एवढीच की स्वीपर ज्याच्या शेजारी दिसतो तो शेवटचा, हे अख्ख्या डोंगराला कळतं.

त्या दिवशीचे स्वीपर अण्णा होते. वय 66. टॉवेलचा कारखाना मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. आमच्या पाठीवर पाण्याच्या नळीवाल्या पिशव्या, मनगटावर घड्याळं, खिशात चिकट गोड जेलची पाकिटं. अण्णांच्या गळ्यात घरच्या कारखान्याचा टॉवेल, एका हातात बाटली आणि पँटच्या खिशात भाजलेल्या शेंगा. चालता चालता ते शेंगा फोडत होते. टरफलं खाली न टाकता दुसऱ्या खिशात ठेवत होते, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो. पुढं त्यांच्या बाजूनं फारसं काही येणार नाही.

"काय मालक, पळलालाव का उभारलाव?"

"पळतोय," मी म्हणालो. खरं तर 'पळ' एवढंच म्हणालो. 'तोय' पुढच्या वळणावर आलं.

"हां, हितंच गडबड आहे. लाँग रनला बोलता आलं पाहिजे. अख्खं वाक्य, मधी न तुटता. वाक्य तुटलं की समजायचं वेग जास्त झाला."

आता हे खरं आहे. धावण्याचे कोचही हेच सांगतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवायचा. त्या संथ वेगानं स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. जोरात पळालं तर अंगात साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपते आणि माणूस जागच्या जागी बसतो. चरबीचा साठा मात्र कुणाचाच संपत नाही. माझा तर नाहीच. ग्रुपचा फायदाही यातच असतो, कारण एकट्यानं बोलत पळणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात.

पण परीक्षा घ्यायची तर प्रश्न विचारावे लागतात, आणि अण्णांकडे प्रश्न भरपूर होते.

"घर स्वतःचं का भाड्याचं?"

"स्व..."

"कर्ज फिटलं का आहे अजून?"

मी काहीच बोललो नाही. मात्र चढावर धावताना माणसाची मान आपोआप वरखाली होते. देवळात अंगात आलेल्या माणसासारखी ती हलते, आणि त्यावर आपला ताबा नसतो. अण्णांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

"आहे का अजून? बरं बरं. मुलगा काय करतो? पुण्यात का? सगळ्यांची पुण्यातच. येतो का अधनंमधनं? नाही?"

मान वरखाली.

"तुम्ही बँकेत होता न्हवं? मग ग्रुपचा हिशोब तुमच्याकडंच दिऊ. खजिनदार कुणी व्हायला तयार नाही. चालंल ना?"

मान वरखाली. कडेच्या दगडावर पाय पडला, तोल सावरायला मी दोन्ही हात वर केले. अण्णा म्हणाले, "वा, एवढा आनंद कुणालाच झाला न्हवता."

या दगडांबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण अण्णाही पुढं त्यांच्यावरच बोलले. हे सगळे डोंगर लाव्हाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले म्हणून माथा चुलीवरच्या तव्याइतका सपाट. माथ्यावर पोचलं की आपण एवढा चढ चढून पुन्हा सोलापुरातच आलो की काय असं वाटतं. मधल्या वाटेवर मात्र सुटे काळे दगड, बाभळी आणि निवडुंग. अण्णांचं म्हणणं असं की डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं आणि गुडघ्याच्या त्याच जागेवर तोच दणका हजारो वेळा बसतो. इथं प्रत्येक पाऊल निराळं पडतं. घोट्याभोवतीचे, एरवी झोपलेले बारके स्नायू कामाला लागतात आणि तोल सांभाळायची अक्कल पायाला येते. बुटांच्या दुकानदारानं हेच सांगून मला साडेनऊ हजारांचे बूट विकले होते. अण्णांच्या पायात काय होतं ते मुद्दाम सांगत नाही.

बूट साडेनऊ हजारांचे, पण कुसळांपुढं त्यांचं काही चाललं नाही. पावसाळ्यानंतर हे गवत वाळतं आणि त्याची टोकं पायमोज्यात अशी घुसतात की ओढली तर मोजा येतो, कुसळ येत नाही. कुठल्याही डोंगरी धावण्याच्या माहितीत कुसळं नसतात. तिथं हिरवी कुरणं, धुकं आणि हसणारी सडपातळ माणसं असतात.

अर्ध्या चढावर एक मेंढरंवाली बाई उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं मात्र अण्णांना.

"ह्यास्नी काय झालंय?"

"काय नाही. तब्येत कमवायला आलेत."

बाईनं मला नीट निरखलं. "कमावलीया की."

तिचा कुत्रा माझ्यासोबत शंभरेक पावलं आला आणि कंटाळून परत गेला.

मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलेलं अण्णांना दिसलं. एका किलोमीटरला 12 मिनिटं लागत होती. अण्णांनी मला 1892 सालात नेलं. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं त्या वर्षी डोंगरातला हिशोब मांडला: दर 3 मैलांना 1 तास, आणि वर दर 2000 फूट चढाईला आणखी 1 तास. म्हणजे डोंगरात अंतर मोजायचं नाही, चढ मोजायचा. मोठमोठे डोंगरी धावपटूसुद्धा तीव्र चढावर पळत नाहीत, मांडीवर हात टेकून झपाझप चालतात.

"मग मी का पळतोय?" हे वाक्य मी मनातल्या मनात अखंड, न तुटता म्हणालो.

"चाला की!" अण्णा म्हणाले. मी चालायला लागलो आणि ते पुढं निघून गेले. मला परत पळावं लागलं.

मागच्या महिन्यात कोजागरी झाली. त्या रात्री सोलापूर ते तुळजापूर हा रस्ता माणसांनी भरलेला असतो. लाखांनी लोक आईच्या दर्शनाला चालत जातात. आमच्या शेजारच्या मावशी सत्तरीच्या आहेत. मधुमेह आहे. त्या दर वर्षी अनवाणी जातात, वाटेत लोक देतात तो चहा पितात, केळं खातात, सकाळी दर्शन घेऊन एसटीनं परत येतात आणि दुपारी धुणं लावतात. 45 किलोमीटर. मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची असते. मावशींना कुणी पदक दिलेलं नाही, त्यांचा फोटो कुठल्या ग्रुपवर आलेला नाही आणि त्यांच्या शेजारून कुणी स्वीपर चालत त्यांचं कर्ज विचारत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेऊन 68 लिंगांची प्रदक्षिणा घालणाऱ्यांनाही कुणी लाँग रन शिकवत नाही. आमच्या गावाला समूहानं लांब अंतर कापायचं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. आम्ही मात्र नोंदणी फी भरून ते नव्यानं शिकतोय. आणि रोज सकाळी साधं चालावं म्हटलं तर फूटपाथवर दुचाक्या उभ्या, उरलेल्या जागेत कुत्री झोपलेली, रस्ता कशासाठी तरी खणलेला. चालायला जागा नाही म्हणून डोंगरात पळायला जायचं, ही सोय की गैरसोय ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी ठरवलेलं आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

असो. माथा आला. उतारावर अण्णांनी शेवटचा पाठ घेतला. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर एक प्रयोग झाला होता: तेच खेळाडू, तीच मेहनत, पण एकट्यानं वल्हवल्यावर जेवढं दुखणं सहन होतं त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वल्हवल्यावर जास्त सहन होतं. "म्हणून ग्रुपमधी पळायचं. दुखतंय पण कळत नाही." मला कळत होतं. त्या वल्हेकऱ्यांच्या होडीत अण्णा नव्हते, एवढाच फरक मला दिसतो.

"मग आजचा नाष्टा तुमच्याकडनं ना मालक? खजिनदार झाल्याबद्दल?"

उतारावर मान वरखाली होत नाही, ती गदागदा हलते, सगळ्याच दिशांना. त्यातली सोयीची दिशा अण्णांनी निवडली.

खाली पोचलो तर 22 जण हॉटेलच्या बाकांवर बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, शेवटचा आलो म्हणून. थोड्या वेळानं चुरमुऱ्यांचा सुशीला, मिरची भजी, चहा आणि दुसऱ्यांदा भजी आली आणि बिल माझ्यासमोर ठेवलं गेलं, तेव्हा टाळ्यांचं कारण समजलं. 2640 रुपये. माझ्या वाट्याला थंड झालेली भजी आली होती. ग्रुपमध्ये ज्याला दम असतो तो आधी पोचतो, गरम खातो आणि ठरावही तोच पास करतो. दम नसलेल्याचं काम अनुमोदनाचं.

घरी आलो तर पाण्याची पाळी होऊन गेली होती. आता पुढचं पाणी कधी येईल ते येईल. घामाचं मीठ अंगावर घेऊन मी बादलीभर पाण्यात भागवलं. कुसळं लागलेले मोजे बायकोनं गॅलरीच्या बाहेर, थेट कठड्यावर ठेवले.

सोमवारी काही वाटलं नाही. मंगळवारी जिना उतरता येईना. कठडा धरून उलटा, तोंड वरच्या मजल्याकडं करून उतरत होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन.

"जिना चढताना दुखत नाही, उतरताना दुखतंय, बरोबर?"

"बरोबर."

"उताराचं आहे ते. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक लावतो, आणि ताणला जात असताना जोर लावतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतो. पुढच्या वेळी एवढा नाही ठणकणार, शरीर शिकतंय. फायदाच आहे."

"अण्णा," मी पायरीवर बसलो आणि एका श्वासात सगळं बोलून टाकलं, "मी खजिनदार व्हायला हो म्हटलेलं नाही, नाष्ट्याला हो म्हटलेलं नाही, 2640 रुपये 23 जणांत वाटले तर डोक्यावर 115 पण येत नाहीत, ते सगळ्यांनी मला पाठवायचे आहेत आणि हा निरोप तुम्ही आजच्या आज ग्रुपवर टाकायचा आहे."

पलीकडं शेंग फुटल्याचा आवाज आला.

"बघा मालक, एकदा तरी वाक्य तुटलं का? म्हंजे दम वाढलाय. आता रविवारी 21 करू."