चाकू म्हटलं की गुंडच काऊन आठवावा?

मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने नागपूरची एक बातमी टाकली, कुठल्याशा वस्तीत एक पोरगा चाकू घेऊन फिरताना सापडला म्हणून, आणि खाली लिहिलं, "ऑनलाइन चाकू विकणं बंदच करा, खिशात चाकू ठेवणारा माणूस सरळ राहतच नाही." त्यावर वहिनीचा अंगठा, काकांचा अंगठा, मामांचं "एकदम बरोबर". मी सहा वर्षांपासून इकडे इंग्लंडमध्ये शेफिल्डला आहे आणि माझ्या खिशात रोज चाकू असतो, दादाला ते माहीत आहे, त्यामुळे ते वाक्य मला लागलं. ग्रुपवर भांडायचं नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

पहिले आबाजींबद्दल सांगतो. काटोलकडे आमची संत्र्याची बाग, आणि आबाजींच्या बंडीच्या खिशात कायम एक घडीचा कलम चाकू. ज्यावर संत्र्याचं कलम करतात ते जंबेरीचं (रानटी लिंबाचं) रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की थंडीत ते डोळे भरायला, म्हणजे कलम करायला बसायचे. जमिनीपासून वीतभर वर सालीला एक आडवा काप, त्याच्या मधून खाली एक उभा काप, मग चाकूच्या मागच्या बोथट पट्टीने साल हळूच उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरून ढालीसारखा सोललेला डोळा आत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. धार जराशी जरी बोथट असली तरी साल चेंगरते आणि डोळा वाळतो, म्हणून ते आधी दगडावर पाणी टाकून पातं घासायचे, मनगटाच्या केसांवर धार पाहायचे आणि मगच पहिलं रोप हातात घ्यायचे. तोच चाकू टरबूज कापायला, सुतळी तोडायला, पोळ्याला बैलाची जुनी वेसण कापायला. एसटीने नागपूरला कॉटन मार्केटमध्ये यायचे तेव्हाही तो खिशातच असायचा. त्यांना गुंड म्हणायची कोणाची हिंमत होती का?

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडचा कायदाही आबाजींच्या बाजूनेच आहे. १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आणि त्याचे २०१६ चे नियम, त्यात शस्त्र धरतात ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अ‍ॅक्टच्या कलम ३७ खाली जमावबंदी वगैरेचे आदेश निघतात, त्यात तलवारी, लाठ्या आणि चाकू सगळं एका ओळीत येतं, आणि आज असा आदेश लागू आहे की नाही हे भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला कुठून कळणार? मग कोण कशाला खिशात चाकू ठेवेल. शेवटी ठेवतो तो फक्त ज्याला कायद्याची पर्वाच नाही, आणि तोच पेपरात दिसतो.

इकडे चाकूहल्ल्यांवरून वातावरण आपल्यापेक्षा जास्त तापलेलं आहे. शाळकरी पोरं मरतात, त्यांच्या आया टीव्हीवर बोलतात, ते बघून माझ्याही पोटात कालवतं. स्वयंपाकाच्या सुरीचं टोक गोल करा इथपर्यंत मागणी गेली आहे. विनाकारण चाकू बाळगला तर ४ वर्षांपर्यंत जेल. तरीही इथल्या १९८८ च्या कायद्याने, आणि कोर्टांनी लावलेल्या त्याच्या अर्थाने, एक ओळ आखून दिली आहे: घडीचा, उघडल्यावर लॉक न होणारा आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू खिशात ठेवायला कारण सांगावं लागत नाही. आता हे सगळंच मला पटतं असंही नाही, कारण बोटं कापू नयेत म्हणून ज्याला लॉक दिलेलं असतं तोच चाकू विनाकारण जवळ असला की गुन्हा, हे मला अजूनही चुकीचं वाटतं. पण ओळ स्पष्ट आहे, ती माहीत असलेला माणूस बिनधास्त राहू शकतो. वापरायचीही एक रीत असते, बसमध्ये, गर्दीत मी चाकू कधीच काढत नाही.

माझा चाकू इथलाच, लॅम्ब्सफूट म्हणतात त्या घाटाचा, सरळ धार आणि खाली झुकलेलं टोक. एक सहकारी रिटायर होताना त्याने दिला आणि लगेच हात पुढे करून एक पेनी मागितली, चाकू फुकट घेतला तर मैत्री तुटते म्हणे. मला आई आठवली, सुरी हातात देऊ नको, खाली ठेव, भांडण होतं. साधं कार्बन स्टील आहे, वर्षभर सफरचंद कापून कापून पातं निळसर करडं झालंय, आणि बंद करताना पाठीची स्प्रिंग कट्ट करून बसते तो आवाज मला फार आवडतो.

या गावात कटलरी बनवणाऱ्यांची संघटना १६२४ पासून आहे. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराला इथे लिटल मेस्टर म्हणतात. स्टॅन शॉ नावाचे असे एक मेस्टर २०२१ मध्ये गेले, आयुष्यभर त्यांनी खिशातले चाकूच बनवले आणि गावाने त्यांना मान दिला. या चाकूंच्या मुठींना आपल्याकडची सांबरशिंगं लागायची, निर्यात बंद होईपर्यंत ती भारतातून इथे यायची. आणि गेल्या हिवाळ्यात मी नागपूरला इतवारीत लोहाओळीत घडीचा छोटा चाकू मागितला तर दुकानदाराने आधी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "कशाले पायजे?" त्याचाही दोष नाही, त्याला पोलिसांची भीती. पण आबाजींना हा प्रश्न कोणी विचारला नसता.

दादा, मोठमोठे सुरे, बटन दाबून उघडणारे चाकू ऑनलाइन विकणं बंद करा म्हणून अर्ज करायचा असेल तर पहिली सही माझी घे. फक्त त्यात तीन इंचाचा कामाचा चाकू ओढू नका, आणि तो वापरणाऱ्याला सरळ माणूस नाही म्हणू नका. तू स्वतः दरवर्षी खंडेनवमीला विळा-कुदळीशेजारी आबाजींचा चाकू ठेवून त्याला हळद-कुंकू लावतोस ना? मग वर्षभर तो डब्यात गंजत काऊन पडला आहे?

डिसेंबरात येतोय. तो डबा तेवढा काढून ठेव आणि पात्याला थोडं खोबरेल लावून ठेव, धार मी लावतो. काटोलला डोळे भरणं चालू असेल, एक दिवस तिकडे जाऊ.