वजन वाढलं म्हणून हेलिकॉप्टरचा पंखा जोरात फिरत नाही

हेलिकॉप्टरखाली ओझं लटकवलेले व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांच्यासोबत हा मजकूरही हमखास असतो: ‘वजन वाढलं की पायलट पंख्याचा स्पीड वाढवतो, घरातल्या रेग्युलेटरसारखा. म्हणूनच आवाज वाढतो. इंजिन दमदार असेल तर कितीही वजन उचलता येतं.’

आधी स्पीडचं बघू. रिकामं असो वा भरलेलं, उडताना रोटरचे (म्हणजे वरच्या पंख्याचे) आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, जवळजवळ तेवढेच राहतात. पायलट डाव्या हाताने कलेक्टिव्ह नावाचा दांडा वर ओढतो, तशी सगळी पाती एकदम थोडी तिरपी होतात. कोन वाढला की प्रत्येक पातं जास्त हवा खाली ढकलतं आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, वाढते. त्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो, म्हणून गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारी यंत्रणा) इंजिनला जास्त इंधन देतो. ते जातं आरपीएम टिकवण्यात.

आणि रेग्युलेटरचाच हिशेब लावायचा, तर सर्वांत जड हेलिकॉप्टरचा पंखा सर्वांत जोरात फिरायला हवा. प्रत्यक्षात ५६ टनांपर्यंत वजनाने उडणाऱ्या एमआय-२६ चा रोटर मिनिटाला १३२ फेरे घेतो, तर जेमतेम ६२२ किलोच्या रॉबिन्सन आर-२२ चा सुमारे ५१०. पात्याच्या टोकाचा वेग मात्र दोन्हीकडे सेकंदाला २०० ते २२० मीटरच्या घरात. त्यात हेलिकॉप्टरचा पुढे जाण्याचा वेग मिळवला की पुढे येणारं पातं ध्वनीच्या वेगाकडे सरकू लागतं आणि हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून आरपीएम वाढवायला फारशी जागाच नसते. (छोट्या ड्रोनमध्ये पात्यांचा कोन पक्का असतो, तिथे खरंच स्पीड वाढवतात. घोळ बहुधा तिथून आला असावा.)

आवाज जाड होतो हे खरं, पण थपथप मोजून पाहा, ठेका तोच असतो. पात्यांवरचा भार वाढल्याने प्रत्येक ठोका जड होतो. नीट पाहिलं तर जमिनीवर लोंबणारी पाती ओझं उचलताना टोकाकडे वर वाकलेलीही दिसतात.

राहिला ‘कितीही वजन’चा मुद्दा. कोन प्रमाणाबाहेर गेला की हवा पात्याला धरून वाहत नाही आणि लिफ्ट कोसळते. विरळ हवेत ही मर्यादा लवकर येते, इंजिनही कमी ताकद देतं. सियाचीनच्या उंच चौक्यांवर ‘चीता’ हेलिकॉप्टर मोजकंच सामान नेतं ते त्यामुळे. इंजिनाला झेपेल त्यापेक्षा कलेक्टिव्ह जास्त ओढला तर आरपीएम उलट घसरतात. आर-२२ मध्ये ते ९७ टक्क्यांवर आले की भोंगा वाजतो, आणि पायलटला कलेक्टिव्ह खाली करावा लागतो.