लोकल कोण, ते कोण ठरवणार?

काल खानापुरात एका सोसायटीच्या शाखेत तीन तास टेबलाखाली उकिडवा बसलो होतो. गुडघे अजून ठणकताहेत. त्याहून जास्त ठणकतंय ते मॅनेजरसाहेबांचं एक वाक्य.

काम तसं किरकोळ. वाय-फायचा कंट्रोलर, म्हणजे वाय-फाय हाकणारं यंत्र, बेळगावच्या हेड ऑफिसात; ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय सोडणारा डबा, खानापुरात. लॅपटॉपवरनं प्रिंट दिली की ती कॅपवॅपच्या, म्हणजे या दोघांना जोडणाऱ्या, बोगद्यातनं बेळगावला जायची आणि तिथनं फिरून दोन हातांवरच्या प्रिंटरात यायची. पंचवीस-सव्वीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. मला एवढंच करायचं होतं, की 5246 पोर्टवरचा, म्हणजे बोगद्याच्या एका दारातला, हुकमांचा कारभार बेळगावशी राहू दे, पण 5247 वरनं होणारी डेटाची वारी बंद कर. शाखेतलं शाखेतच वळू दे.

कॅशियर बाई "मी जेवून येतो" म्हणून उठल्या आणि बाकावर पासबुक घेऊन बसलेल्या आजोबांना करमणूक राहिली नाही. म्हातारा कौलांच्या कारखान्यात जन्म घालवलेला.

"काय करालास रे बाळ?"

सांगितलं. चूक तिथंच झाली.

"म्हंजे कागद हतला, मशीन हतलं, आणि जातंय बेळगावला?"

"होय आजोबा."

"कशाला?"

"तशी सिस्टीम आहे."

"मडकं हतं भाजायचं आणि वाजवून बघाय बेळगावला न्यायचं! खुळ्यांचा बाजार की रे."

मग ते उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. श्वासाला तंबाखूचा वास. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ही बरोबरची खूण कसली?"

"लोकल साइटची."

"तुला लोकलच पायजे न्हवं? मग हाय की."

"नाही, लोकल पाहिजे असेल तर ती खूण काढायची."

आजोबांनी चष्मा पुसला. मीही पुसला असता, पण मला नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मीही असाच गार पडलो होतो. कंट्रोलरच्या लेखी 'लोकल' म्हणजे कंट्रोलरच्या शेजारचं. आपण जिथं बसलोय ते नव्हे. ही भाषा ज्यानं लिहिली त्याला एकदा खानापूरच्या स्टँडवर दुपारी दीडला उभा करायला पाहिजे.

"म्हंजे लोकल कोण, ते बेळगाव ठरवणार?"

"होय."

"आणि बेळगाव कुणाचं?"

"ते कोर्टात आहे, आजोबा. 2004 पासून."

"1956 पासनं म्हण. मग तुझं काम आज व्हायचं न्हाई."

आणि झालं नाहीच! खूण काढली, पॉलिसीतलं सेंट्रल स्विचिंग, म्हणजे डेटा बेळगावातनं फिरवणं, बंद केलं, ॲक्सेस पॉइंट एकदा तुटून परत जोडला, फोनवर वाय-फायचा पंखा पूर्ण भरला, आणि पत्ता मिळाला 169.254 नं सुरू होणारा. म्हणजे पत्ताच नाही. डेटा आता जागेवरच उतरणार, तर त्याला जागा नको? टेबलाखालच्या स्विचचं, म्हणजे वायरी जिथं जोडतात त्या डब्याचं, पोर्ट ॲक्सेसमध्येच होतं, म्हणजे एकाच जाळ्यापुरतं. ते ट्रंक करून, म्हणजे अनेक जाळ्यांना मोकळं करून, त्यातनं व्हीलॅन 30, म्हणजे वाय-फायचं वेगळं जाळं, सोडायचं मी विसरलो होतो. टेबलाखाली गेलो तो त्यासाठी.

शेवटी जमलं. खात्री म्हणून मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांदेखत बेळगावची लाइन उपसली आणि प्रिंट दिली. आली! आजोबांनी कागद उचलून उलटा-सुलटा पाहिला, "हे खानापूरचं" म्हणाले आणि घडी घालून पासबुकात ठेवला.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "प्रिंट तर आधी पण येत होती. तुम्ही उलट नेट घालवलंत."

लाइन परत लावली. काही बोललो नाही, कारण रिपोर्टवर सही त्यांची लागते.

रात्री बसभाड्याचं बिल टाकलं. ते बेळगावात मंजूर होत नाही, बेंगळुरूला जातं. आज सकाळी उत्तर आलं: खानापूर लोकलमध्ये धरलं जातं, सबब भत्ता नाही. खूण कुठली काढायची, ते मात्र मेलमध्ये लिहिलेलं नाही.