क्रॉसलिंकर नको, पण बाकीचं?
पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) नॅनोजेलवर, म्हणजे औषध वाहून नेऊ शकणाऱ्या जेलच्या अतिसूक्ष्म कणांवर, एक लेख वाचला. ‘रेणू आपोआप जुळतात, म्हणून नॅनोजेलला बाहेरचं रसायन लागतच नाही’ हे त्यातलं वाक्य पटलं नाही. क्रॉसलिंकर, म्हणजे रेणूंना एकमेकांशी पक्कं जोडणारं रसायन, लागत नाही, एवढंच खरं. एफमॉक-डायफेनिलॲलानिन हे असं आपोआप जुळणारं छोटं पेप्टाइड मी प्रयोगशाळेत हाताळलंय. त्याचं डीएमएसओ या विद्रावकातलं (विरघळवणाऱ्या द्रवातलं) द्रावण पाण्यात टाकलं की आधी दुधाळ होतं, मग काही मिनिटांत नितळ जेल. सुरेख दिसतं! पण ते झालं भांडंभर जेल. नॅनोकण हवे तर नेहमीची पद्धत म्हणजे ते मिश्रण तेलात बारीक थेंबांत विखुरायचं, थेंब एकत्र येऊ नयेत म्हणून पृष्ठसक्रियक (साबणासारखा पदार्थ) घालायचा आणि शेवटी हेक्झेनसारख्या विद्रावकाने तेल धुऊन काढायचं. खरी डोकेदुखी तिथेच.

शिवाय जेलमधलं रेणूंचं हे जाळं हायड्रोजन बंधांवर आणि रेणूंमधल्या कार्बन-वलयांच्या परस्पर आकर्षणावर, म्हणजे कच्च्या बंधांवर, उभं असतं. रक्तात विरल झाल्यावर ते किती तग धरतं, यावर एक ओळ तरी हवी होती.