सुट्टे द्या, सुट्टे!

बाल्कनमध्ये एकट्यानं फिरायला हिंमत नाही, चिल्लर लागते! तिकीट काढलंय, सीट मिळालीये, तरी बसच्या पोटात बॅग टाकायचे पैसे वेगळे. तेही रोख, तेही सुट्टे. नोट पुढे केली की ड्रायव्हर असा बघतो, जणू मी त्याची बसच विकत मागतोय.

बरं, नाणी तरी कुठली? सर्बियात दिनार, उत्तर मॅसेडोनियात देनार (फरक एका वेलांटीचा, पण चालत नाही म्हणजे नाही), बोस्नियात मार्क, अल्बानियात लेक. कोसोव्हो आणि माँटेनेग्रो युरोपीय संघात नाहीत, तरी तिथं युरो! २०२३ मध्ये क्रोएशियानं कुना सोडून युरो घेतला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

सर्बियात तर बऱ्याच बसस्थानकांत फलाटावर जायचंही वेगळं तिकीट. का? मी काय फलाट बघायला आलोय?

आणि ते संडास! दाराशी टेबल टाकून बसलेल्या मावशी. मला घाई, त्यांना मुळीच नाही. खिशात चार देश खुळखुळतायत, आणि हवं ते एकच नाणं मघाशी बॅगेपायी गेलेलं. रेल्वेत तरी बॅग फुकट जाते म्हणावं, तर रेल्वे कुठाय? बेलग्रेड-सारायेव्होला थेट गाडीच नाही. चला, परत बस. परत सुट्टे.